कॅसिनोवाल्या मोठ्या रिसॉर्टमध्ये फॅमिलीसकट राहायला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात आमचं बुकिंगचं काम आहे, आणि दिवाळी झाली की मे संपेपर्यंत सगळ्यात जास्त फोन या एकाच गोष्टीसाठी येतात, की ताई, गोव्यातलं ते कॅसिनोवालं मोठं हॉटेल आहे ना, तिथे आईबाबांना आणि पोरांना घेऊन गेलं तर चालेल का. चालेल, मजेत चालेल, पण बुकिंग करताना आधी पोरं आणि म्हातारी माणसं डोक्यात ठेवा आणि कॅसिनो सगळ्यात शेवटी. हे उलटं झालं की दोन माणसं रात्रभर मजा करतात आणि बाकीची सहा माणसं रूममध्ये टीव्ही बघत बसतात, आणि पैसे मात्र आठही जणांचे गेलेले असतात. खाली फोनवर विचारतात तसेच प्रश्न घेतलेत.

प्र. आपल्या सिंधुदुर्गात किंवा रत्नागिरीत नाही का असं हॉटेल?

नाही. महाराष्ट्रात १९७६ साली कॅसिनोचा कायदा झाला होता पण तो कधी अमलातच आला नाही, आणि २०२३ मध्ये सरकारने तो रद्दच करून टाकला. त्यामुळे तारकर्लीला किंवा गणपतीपुळ्याला कोणी कॅसिनो नाइटच्या नावाने पैशांवर खेळवत असेल तर सरळ लांब राहा, पोलिसांची गाडी आली तर पोराबाळांसमोर शोभा होईल. गोव्यात मात्र जुगारबंदीच्या कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून फाइव्ह स्टार हॉटेलात मशीनवरच्या खेळांना परवानगी दिली आणि १९९६ मध्ये पाण्यावरच्या जहाजांना. म्हणून तिकडे दोन प्रकार दिसतात, हॉटेलातलाच कॅसिनो आणि मांडवी नदीतलं जहाज.

प्र. मग फॅमिलीला दोन्हीपैकी काय बरं?

हॉटेलातला. कारण सोपं आहे, एकाला खेळायचं असेल तर तो लिफ्टने खाली जातो आणि पोराला ताप आला, आईचं बीपी वाढलं, तर दहा मिनिटांत वर येतो. जहाजावर जायचं म्हणजे पणजीच्या जेटीवर जा, लाइनीत उभं राहा, ओळखपत्र दाखवा, छोट्या बोटीने जहाजापर्यंत जा, आणि परत यायचं तर पुन्हा बोटीची वाट बघा. तरण्याताठ्या मित्रमंडळींना यात काही वाटत नाही, पण ज्याच्या घरची माणसं हॉटेलात मागे राहिलीयत त्याचं अर्धं लक्ष फोनवर असतं.

उलट बाजूही सांगते. कायद्याने हॉटेलात मशीनवरचे खेळ, आणि समोर पत्ते वाटणारा माणूस, अंदर-बाहर, तीन पत्ती, रूलेट असं सगळं साग्रसंगीत जहाजावर. ज्यांना तेच बघायचंय त्यांनी एक संध्याकाळ जहाजाची ठेवावी आणि मुक्काम हॉटेलातच ठेवावा.

प्र. मुलांना कॅसिनोत आत नेता येतं का?

नाही. २१ पूर्ण लागतात, आणि दारात आधार किंवा तसंच सरकारी ओळखपत्र बघतात. एका घरचा एकोणीस वर्षांचा मुलगा, उंचीने बापापेक्षा जास्त, मिशा फुटलेल्या, सगळ्यांचं पॅकेज आधी भरलेलं, आणि जेटीवरून त्याला एकट्याला परत पाठवला. आई त्याच्यासोबत परतली, म्हणजे दोघांचे पैसे गेले आणि संध्याकाळ सगळ्यांचीच गेली. तेव्हा वय दिसण्यावर जाऊ नका, कार्डावरची जन्मतारीख बघा. काही जहाजांवर लहान मुलांसाठी वेगळी खोली आहे असं सांगतात, पण आठ वर्षांच्या पोराने रात्री अकराला अनोळखी माणसांबरोबर बंद खोलीत का बसावं, मला हे पटत नाही आणि मी तसं बुकिंग करून देत नाही.

प्र. आमचे भावोजी म्हापशाला असतात, ते पण येणार आहेत.

हॉटेलात या, जेवा, पोहा, काही हरकत नाही. पण गोव्याच्या स्थानिक रहिवाशांना १ फेब्रुवारी २०२० पासून कॅसिनोत खेळायला बंदी आहे, त्यामुळे भावोजींचं आधार गोव्याचं असेल तर त्यांचं कॅसिनोचं पॅकेज घेऊ नका. बांद्याच्या, दोडामार्गच्या माणसाला चालतं आणि पलीकडच्या पेडण्याच्या माणसाला नाही, सोयरीक दोन्हीकडे असली तरी नियम तसाच आहे.

प्र. रूम कशा घ्यायच्या? आम्ही आठ जण आहोत.

इथे जरा वेळ द्या कारण पुढचा सगळा आराम यावर आहे. शेजारशेजारच्या रूम आणि आतून दरवाजा असलेल्या कनेक्टिंग रूम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोनवर तुम्ही म्हणता आम्हाला जवळजवळ द्या, तो म्हणतो हो हो नक्की, आणि बुकिंगमध्ये लिहिलेलं असतं उपलब्धतेनुसार. मागे एका कुटुंबाला असंच झालं, आजी-आजोबा दुसऱ्या मजल्यावर आणि बाकी सगळे पाचव्या, आणि दोन विंगमधलं अंतर एवढं की आजोबांना नाश्त्याला यायला बग्गी बोलवावी लागायची. म्हणून कनेक्टिंग रूम हवीय हे ईमेलवर लिहून घ्या, आणि म्हाताऱ्या माणसांसाठी लिफ्टजवळची किंवा तळमजल्याची रूम, बाथरूममध्ये बाथटब नसून शॉवरची सपाट जागा आहे ना, हेसुद्धा विचारा. बाथटबच्या कडेवरून पाय टाकताना गुडघे दुखणाऱ्या माणसाचे काय हाल होतात ते घरात ज्यांच्या आहे त्यांना माहितीय.

मग प्लॅन. ईपी म्हणजे नुसती रूम, सीपी म्हणजे नाश्ता धरून, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही वेळचं. मुलं आणि म्हातारी असतील तर एमएपी घ्या, रात्रीचं जेवण त्यात टाका. दुपारी बाहेर फिरताना कुठेही मासळीची थाळी मिळते, पण रात्री दमलेल्या पोराला घेऊन जेवायला बाहेर पडायचं म्हणजे शिक्षा आहे. मुलांचं किती वयापर्यंत फुकट, एक्स्ट्रा बेड म्हणजे खरा पलंग की जमिनीवरची गादी, हे प्रत्येक हॉटेलात वेगळं असतं, विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

प्र. सांगितलेल्या रेटपेक्षा बिल जास्त का येतं?

बहुतेक वेळा टॅक्समुळे. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या रूमला ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वर गेलं की १८ टक्के. मोठ्या रिसॉर्टमध्ये सीझनला तुम्ही वरच्याच गटात असता. दहा हजारांची रूम म्हणजे अकरा हजार आठशे, तीन रात्री, दोन रूम, धरा हिशोब.

दुसरं म्हणजे डिपॉझिट. चेक-इनला कार्ड मागतात आणि काही रक्कम होल्ड करतात, ती कापलेली नसते पण तुम्हाला वापरताही येत नाही. क्रेडिट कार्डावर ठीक आहे. डेबिट कार्ड दिलंत तर खात्यातले खरे पैसे अडकतात आणि सुटायला काही दिवस लागू शकतात, आणि मग पेट्रोल पंपावर कार्ड चालत नाही म्हणून लोक मला फोन करतात. आणि मिनीबारमधल्या चॉकलेटवर पोरांचा डोळा असतोच, आल्या आल्या हाउसकीपिंगला सांगा तो रिकामा करा, बिनदिक्कत करतात.

प्र. स्विमिंग पूलमध्ये नेहमीच्या कपड्यांवर उतरू देतात का?

नाही देत, आणि यावरून सगळ्यात जास्त वाद होतात. कॉटनचा कपडा नको, नायलॉन किंवा लायक्राचा हवा असा नियम असतो, कारण सुती कपड्याचे धागे आणि रंग सुटतात आणि फिल्टर तुंबतो. पुरुष बनियनवर, बायका सुती कुर्ती आणि लेगिंगवर पाण्यात उतरतात, मग लाइफगार्ड शिट्टी मारतो, सगळा पूल वळून बघतो, काकूंना इतकं लाजल्यासारखं होतं की त्या परत तीन दिवस पूलकडे फिरकत नाहीत. हे व्हायला नको. पूर्ण हाताचे आणि पायघोळ स्विमसूट मिळतात, कुडाळच्या बाजारातसुद्धा मिळतात, निघायच्या आधी घ्या म्हणजे हॉटेलच्या दुकानातून दुप्पट पैशाने घ्यावे लागणार नाहीत. आपल्या बायकांना पाण्यात खेळायला मनापासून आवडतं, आणि पन्नाशीतली बाई पहिल्यांदा पाण्यावर तरंगते तेव्हा तिचा चेहरा बघावा. तेवढ्यासाठी तरी कपड्यांची तयारी करून जाच.

पूलच्या कडेला पाणी किती खोल आहे ते लिहिलेलं असतं, पोराला सोडायच्या आधी ते वाचा.

प्र. आणि समुद्रात?

लाल झेंडा असेल तिथे पाय पण घालू नका, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यात जा, जीवरक्षक ओरडला की बाहेर या. पावसाळ्यात समुद्र लांबूनच बघायचा. आपण समुद्राकाठची माणसं म्हणून आपल्याला काय होतंय असं समजू नका, अनोळखी किनाऱ्याचं पाणी अनोळखीच असतं.

प्र. जेवणाचं काय? आमच्या आजीला तिखट-मसाल्याचं चालत नाही.

सांगितलं तर करून देतात. एका आजींनी बुफेची सत्तर भांडी फिरून बघितली आणि टेबलावर येऊन म्हणाल्या, "माका पेज होयी." नातवाने शेफला जाऊन सांगितलं, त्याला पेज बरोबर कळली, वीस मिनिटांत उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं आलं, आणि त्यानंतर रोज रात्री न सांगता येत राहिलं. किचनमध्ये काम करणारी पोरं पुष्कळदा आपल्याच भागातली असतात, विचारायला लाजू नका. उपासाचं, जैन, डायबेटिसवाल्यांचं आदल्या दिवशी सांगा.

मासे खायला म्हणून जाणार असाल तर १ जून ते ३१ जुलै टाळा, पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि ताटात येतो तो बर्फातला किंवा खाडीतला.

प्र. कॅसिनोत किती पैसे घेऊन जावे?

जेवढे परत आले नाहीत तरी घरात कोणाच्या तोंडचं पाणी पळणार नाही तेवढे. मी हे अगदी गंभीरपणे सांगतेय. आणि ते कॅश वेगळ्या पाकिटात ठेवा, कार्ड आणि यूपीआयवाला फोन रूमच्या लॉकरमध्ये किंवा बायकोकडे. आत घड्याळ दिसत नाही, खिडकी नाही, दिवे सदासर्वकाळ सारखेच, बाहेर उजाडलं तरी आत रात्रच असते, त्यामुळे थांबायचं कधी हे तिथे बसून ठरत नाही, ते वरून निघतानाच ठरवायचं.

आता खेळ कसा चालतो ते एकदा समजून घ्या, मग कोणी हमखास जिंकायची सिस्टीम आहे म्हणून सांगितलं तरी भुलणार नाही. रूलेटच्या फिरत्या चाकावर ० ते ३६ असे ३७ खण असतात, गोळी ज्या खणात थांबेल तो नंबर लागला. एका नंबरवर १०० लावले आणि तो लागला तर ३,५०० मिळतात, वर तुमचे १०० परत. म्हणजे ३७ डाव खेळलात, ३,७०० लावले आणि नशिबाने अगदी बरोबरीने साथ दिली, एकदा लागला, तर हातात येतात ३,६००. ते १०० रुपये कॅसिनोचे, शंभरामागे साधारण २.७०. चाकावर दोन शून्यं असतील तर खण ३८ होतात आणि हाच वाटा ५.२६ वर जातो, म्हणून बसायच्या आधी चाकावर शून्यं किती ते मोजा. लाल-काळ्यावर लावा नाहीतर नंबरवर लावा, वाटा तेवढाच. एखाद्या रात्री माणूस जिंकतो, खरंच जिंकतो, पण जेवढा जास्त वेळ बसेल तेवढा तो आकडा आपला हिशोब वसूल करत जातो.

आणि त्याहून मोठी गोष्ट दारातच आहे. कॅसिनोवर ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झालाय, आणि तो चिप्स, म्हणजे पैशांऐवजी खेळायच्या चकत्या, विकत घेताना लागतो, जिंकलेले चिप्स पुन्हा लावले तर परत लागत नाही. दहा हजार दिल्यावर हातात नेमके किती रुपयांचे चिप्स येणार हे काउंटरला आधी विचारा. चाकाचा वाटा दोन-तीन रुपये आहे, टॅक्सचा त्याच्या कितीतरी पट, म्हणजे तुम्ही खुर्चीवर बसायच्या आधीच मागे पडलेले असता. हे कळल्यावरही ज्याला दोन तास मौज म्हणून खेळायचंय त्याने खेळावं, नाटकाचं तिकीट काढतो तसा तो खर्च धरावा.

प्र. पॅकेजमध्ये चिप्स फुकट मिळतात म्हणे?

पॅकेजमध्ये जेवण, ड्रिंक्स, गाण्यांचा कार्यक्रम आणि काही चिप्स असतात. पण त्यातले बरेचदा ओटीपी असतात, म्हणजे एकदाच खेळायचे. ते काउंटरला देऊन पैसे मिळत नाहीत, टेबलावर लावून जिंकलात तर जिंकलेले तेवढे कॅश होतात. कुठले कॅश होतात आणि कुठले नाही हे घेतानाच बघून घ्या.

प्र. मोठी रक्कम जिंकलो तर?

अशा जिंकलेल्या पैशावर सरळ ३० टक्के इन्कम टॅक्स आहे, वर सेस, आणि त्याच रात्री आधी हरलेले त्यातून वजा करता येत नाहीत. सीएला सांगा, लपवू नका.

प्र. कपडे?

पुरुषांनी फुल पँट, शर्ट आणि बूट. हाफ पँट आणि चपलेवर बहुतेक ठिकाणी आत घेत नाहीत. टेबलाजवळ फोटो काढू देत नाहीत.

प्र. आम्ही दोघं खाली गेलो तर मुलांजवळ कोण?

हा प्रश्न खरं तर पहिला यायला हवा. सासू-सासरे आहेतच की, असं पटकन म्हणतात सगळे, पण तीही माणसं सुट्टीला आलीयत, त्यांना रोज रात्री राखण करायला लावू नका. पाळी लावा. एक रात्र भाऊ-वहिनी, एक रात्र तुम्ही, आणि एक रात्र कोणीच खाली जायचं नाही, सगळ्यांनी एकत्र जेवायचं. हॉटेलात किड्स क्लब असतो पण त्याची वेळ संध्याकाळी संपते, आणि पैसे देऊन बेबीसिटर मिळते का ते आधी विचारावं लागतं. पोर झोपलंय म्हणून रूमला कुलूप लावून दोघांनी खाली जाऊ नये. नव्या जागी मूल रात्री उठलं आणि आई दिसली नाही तर ते दार उघडून बाहेर पडतं, आणि बाहेर लांबच लांब एकसारख्या दारांचा पॅसेज असतो.

प्र. मुलं दोन दिवसांत कंटाळली तर?

पणजीत मिरामारला गोवा सायन्स सेंटर आहे, पोरं तिथून लवकर निघत नाहीत. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला जा, तिथे खारफुटीत सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, सकाळी लवकर गेलात तर बरं. आजी-आजोबांना मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा, बऱ्याच जणांचं कुलदैवत तिकडेच असतं, मग एका दगडात दोन काम होतात.

आणि पत्तेच खेळायचे तर सावंतवाडीतून निघताना राजवाड्यात गंजिफा बघा. गोल, हाताने रंगवलेले, दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाचे बारा असे १२० पत्ते. मुलांना मत्स्य, कूर्म, वराह ओळखायला लावलं की दुपार कशी जाते कळत नाही. हातरंगाचा संच महाग असतो, पण कारागिराची मेहनत बघितल्यावर भाव करायला जीभ रेटत नाही.

प्र. कधी जावं आणि कसं जावं?

नाताळ ते नवीन वर्ष टाळा, रेट आणि गर्दी दोन्ही डोक्यावर. जानेवारी-फेब्रुवारीतले मधले वार छान. पावसाळ्यात रूम स्वस्त असतात, पूल आणि जेवण हेच करायचं असेल तर बिनधास्त जा. गणपतीत तर आपलं कोणी जाणार नाहीच.

सावंतवाडीहून पणजी साठेक किलोमीटर, स्वतःची गाडी बरी. मुंबईहून येणाऱ्या भावंडांसाठी वंदे भारत कणकवलीनंतर थेट थिवीला थांबते, पणजीला जवळचं स्टेशन करमळी. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं. विमानाने येत असतील तर उत्तर गोव्यातल्या हॉटेलला मोपा सोयीचं, दक्षिणेला दाबोळी. गोव्यात टॅक्सीसाठी गोवामाइल्सचं अ‍ॅप घ्या किंवा हॉटेलची गाडी आधी ठरवा.

प्र. आमच्याकडचा एक जण टेबलावरून उठतच नाही, काय करायचं?

तिथे टेबलाजवळ भांडण करू नका, त्याने तो अजून हट्टाला पेटतो. बाहेर जेवायला बोलवा, कार्ड काढून घ्या, आणि उरलेले दिवस सगळ्यांनी बरोबर राहा. घरी आल्यावरही मोबाइलवर तेच चालू असेल, उधारी होत असेल, दागिने गहाण पडत असतील तर हा स्वभावाचा दोष म्हणून सोडून देऊ नका, हे उपचाराचं काम आहे. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, सरकारी फुकट नंबर आहे, बायको किंवा आईने फोन केला तरी ते बोलतात. आणि अशा माणसाला घेऊन फिरायला जायचं असेल तर मला मोकळेपणाने सांगा, मी कॅसिनो नसलेलं हॉटेल बघून देते, का म्हणून कोणाला विचारणार नाही.

प्र. येताना गोव्याची दारू आणली तर?

परमिटशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, इन्सुलीच्या चेकपोस्टला एक्साइजवाले गाडी तपासतात, आणि त्यात माल सापडला तर गाडीसुद्धा अडकते. फॅमिली गाडीत आहे म्हणून सोडत नाहीत. काजू आणा, बेबिंका आणा, त्याला कोणी काही म्हणत नाही.